मामाचा म

"मान तिरकी. तोंड उघडं. आता लांब 'आ' म्हण," गादीवाल्यानं सांगितलं आणि मिठाच्या कोमट पाण्याची बाटली भाचीच्या उजव्या नाकपुडीला लावून हलकेच दाबली. पाणी डावीकडून बाहेर आलं आणि थेट त्याच्या सदऱ्यावर पडलं.

"बाबा, पुरे! बला दको!"

"पुरे तर पुरे," तो म्हणाला. उरलेली अर्धी बाटली त्यानं बेसिनमध्ये ओतून दिली.

खरं तर तिला म्हणायचं होतं, मामा, पुरे, मला नको. पण वर्षभर चोंदलेल्या नाकातून 'म' आणि 'न' यांना बाहेर पडायला वाटच नव्हती. 'म'चा 'ब' व्हायचा, 'न'चा 'द'. सहा वर्षांची पोर नाकाला 'दाक' म्हणायची आणि शेजारीपाजारी पोट धरून हसायचे. मामाचा बाबा झाला तेव्हा मात्र गादीवाला हसला नव्हता. बहीण आणि मेहुणा एकाच अपघातात गेले तेव्हा पोर दीड वर्षाची होती. तेव्हापासून तिचं दुखणंखुपणं, वेण्या, शाळा सगळं त्यानंच केलं. स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. पण 'मला बाबा म्हण' असं कुठल्या तोंडानं सांगणार? आता ते आपसूक मिळत होतं. म्हणून सकाळची बाटली अर्धी आणि संध्याकाळची बहुतेक विसरलेली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून आधी नाक पाहिलं, मग घसा.

"सूज हललेली नाही. नाकातलं पाणी मागून उतरतंय, म्हणून घसाही लाल आहे. दोन्ही वेळा धुता ना?"

"हो."

"कारखान्यातले कपडे बदलूनच तिला जवळ घेता? कापसाची धूळ तिला सोसत नाही."

"हो," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

डॉक्टरबाई पोरीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "चेंडू." पोर पाय हलवत बसून राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं. पाय तसेच हलत राहिले.

"त्रास कानापर्यंत पोचलाय. कमी ऐकू येतंय हिला. औषध घेतलं की गेला, असा हा आजार नाही. रोज सांभाळावा लागतो. नीट सांभाळलात तर कान सुधारेल."

एका हाकेसाठी आपण पोरीचे कान पणाला लावले, या विचारानं गादीवाल्याला स्वतःचीच किळस आली.

"खोटं बोललो, डॉक्टर. सकाळी अर्धीच. संध्याकाळी बहुतेक नाहीच."

"का?"

"लाड," एवढंच तो म्हणाला.

मग मात्र त्यानं हयगय केली नाही. दोन्ही वेळा अख्खी बाटली, नंतर नाकात फवारा, चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात. पोरीनं त्याला नाकी नऊ आणले, पण तो बधला नाही. चौथ्या आठवड्यात ती मागून मारलेल्या हाकेला वळून बघायला लागली. आणि एका सकाळी तिनं स्वच्छ विचारलं, "मामा, माझी वही कुठंय?"

"शाबास!" तो म्हणाला. मग पाठ फिरवून बराच वेळ वही शोधत राहिला. वही समोरच होती.

त्यानंतर तिनं त्याला हाकच मारली नाही. "अरे, ऐक ना," म्हणायची, नाहीतर बाही ओढायची. मोठी होतेय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो कारखान्यात एक गादी शिवत होता. मागे खुडबुड झाली म्हणून वळला, तर पोर पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तोंड खुपसून जोरजोरात श्वास ओढत होती. इथे पाऊल टाकायचं नाही, हे तिला शंभरदा बजावलेलं. सुई टाकून तो धावला आणि तिला उचलून अंगणात घेऊन गेला.

"काय चाललंय हे?"

"नाक बंद करतेय."

"कशाला?"

तिच्या भुवयांवर कापूस चिकटला होता. "मामा म्हटलं तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं. नाक बंद झालं की बाबा येतं."

गादीवाल्यानं तिच्या भुवया पुसल्या, नाक शिंकरून दिलं, मग पुन्हा भुवयाच पुसल्या.

"वेडाबाई," तो कसाबसा म्हणाला, "'ब'ला नाक लागतच नाही. नुसते ओठ लागतात."

तिनं ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आवाज न काढता दोन-तीनदा करून पाहिलं. मग तीन शिंका दिल्या.

"बाबा, माझ्या नाकात कापूस गेलाय. धुऊन दे ना."

एकही 'म' चुकला नव्हता, एकही 'न'. गादीवाला कपडे बदलून आला आणि त्यानं पाणी तापवायला ठेवलं. त्यात मीठ दोनदा पडलं, म्हणून सगळं ओतून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.