पत्र्याखालची एकादशी

१८९४ सालच्या ज्येष्ठात मृग लागून आठवडा झाला, तरी गिरगावावर ढगाचा ठिपका नव्हता. निर्जळी एकादशीच्या सकाळी कालिंदी सासरहून माहेरच्या वाडीत आली, तेव्हा अंगणातल्या दगडी फरशीचे तिच्या तळपायांना चटके बसले. चार वर्षांपूर्वी इथे ओली माती होती आणि वर माडांची सावली. थोरल्या भावाने, चिंतामणीने, माड तोडले, विहीर बुजवली आणि त्या जागी तीन मजली चाळ उठवली. वर पन्हळी पत्रा घातला.

पत्र्याखालच्या खोलीत भाडेकरू टिकेना. एकजण तर बिऱ्हाड हलवताना म्हणाला, "दादा, ही खोली नव्हे, भट्टी आहे." मग ती खोली विधवा आईला मिळाली.

"वर सोवळं नीट पाळता येईल," चिंतामणी म्हणाला होता. ते ऐकून कालिंदीलाही बरंच वाटलं होतं.

गुणवंतीबाई अलवणाचा पदर मुंडण केलेल्या डोक्यावर ओढून वाती वळत बसल्या होत्या.

"उंबऱ्याबाहेरच बस हो. मी सोवळ्यात आहे."

"आई, केवढं उकडतंय इथे!"

"उकडायला काय झालं? वर पापड घातले तर तळायलासुद्धा नकोत." त्या हसल्या. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोक्यावरचा पत्रा टक्‌टक् वाजला. "ऐकलंस? ऊन चढलं की बोलतो, उतरलं की बोलतो. दिवसभर माझ्याशी बोलणारा हाच एक. तू काय आणलंयस वाचायला?"

कालिंदीने वर्तमानपत्र उघडलं. गिरण्यांची धुराडी वाढली, झाडं तुटली, घराला घर भिडलं, त्यामुळे शहराचा उष्मा वर्षागणिक चढतो आहे, असं कुणा डॉक्टराने लिहिलं होतं.

"हे छापायला डॉक्टर लागला होय?" गुणवंतीबाई म्हणाल्या. "मला विचारायचं होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आपली विहीर याच भिंतीच्या पायाशी होती ना गं?"

"हो."

"तरीच. दुपारी कळशी बुडल्यासारखा आवाज येतो."

कालिंदीने विषय बदलला. नळाच्या तोटीत चामडं असतं म्हणून आई नळाचं पाणी पीत नसे. शेजारच्या वाडीतल्या विहिरीची एक कळशी रोज तिच्यासाठी येई, ती दुसऱ्या सकाळपर्यंत पुरवायची. आज तीही कोरडी पालथी घातली होती.

वाचून वाचून कालिंदीचा घसा सुकला. आईसमोर नको, म्हणून ती जिन्याच्या वळणावर गेली आणि तांब्याभर पाणी घटाघट प्यायली. परत येऊन बसली तशी आई म्हणाली,

"हनुवटी पूस. ओघळलंय."

आवाजात टोचणी नव्हती. कालिंदीने पदराने हनुवटी पुसली. दोन शब्द जिभेवर आले होते. विधवांच्या हालांवर तिने पुष्कळ वाचलं होतं, चार बायकांत बोलूनही दाखवलं होतं. पण आईचं व्रत आपण मोडायचं? तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि भावजयीला रताळी सोलू लागायला ती खाली गेली.

ऊन उतरलं, पत्रा वाजू लागला, तेव्हा ती पुन्हा वर आली. आई भिंतीला टेकून होती. ओच्यात वाती होत्या, शेवटची अर्धी वळलेली. कपाळाला हात लावला तर अंग निखाऱ्यासारखं तापलेलं. श्वास मात्र नव्हता.

घटकाभरात वाडी जमली. "एकादशीला गेली! पुण्यवान हो," जो तो म्हणाला. चिंतामणी लहान मुलासारखा रडत होता. तेही खोटं नव्हतं. भटजींनी तुळशीपत्र ठेवून आईच्या तोंडात गंगोदक घातलं. घशाखाली ते उतरणार कसं? ओठाच्या कडेने ओघळलं. कालिंदीने पुढे होऊन आईची हनुवटी पुसली.

त्यानंतर सासरी, जिथे पत्रा नव्हता तिथेही, ऊन उतरलं की तिला टक्‌टक् ऐकू येई.

वर्षश्राद्धाला ती आली. दिवस पुन्हा एकादशीचा, म्हणून जेवणं द्वादशीला ठेवली होती. चिंतामणीचा मुलगा हेरंब माघात तापाने गेला होता. त्याची सोळा वर्षांची बायको शांती कुठे दिसेना.

"शांती कुठाय, दादा?"

"वर. आईच्या खोलीत. तिथे कुणाची ये-जा नाही. पहिलीच निर्जळी आहे पोरीची, पण हूं की चूं नाही. आईचं वळण!"

भर दुपार होती. माजघरात बसलेल्या कालिंदीला वरचा पत्रा ऐकू आला. मग भिंतीच्या पायाशी कळशी बुडाल्यासारखा आवाज आला. तिने इतरांकडे पाहिलं; कुणीच मान वळवली नाही. ती उठली, अंगणातल्या नळाखाली तांब्या धरून काठोकाठ भरला आणि जिना चढू लागली.

"अगं, नळाचं आहे ते!" चिंतामणी मागे धावला. "आणि आज एकादशी! कुठे चाललीस?"

"नळाचंच आहे, दादा."

"सगळं शास्त्र बुडवणार तू! आईला काय वाटेल?"

जिन्याच्या वळणावर ती थांबली. "आईला काय वाटत होतं, ते आपण विचारलंच नाही. मी तर इथे उभी राहून चोरून पाणी प्यायले होते."

चिंतामणी दोन पायऱ्या खाली थबकला.

उंबऱ्यापाशी कालिंदी बसली नाही, आत गेली. शांती त्याच भिंतीला टेकून होती. भादरलेल्या डोक्यावरून घामाची धार कानामागे उतरत होती. तिने तांब्या पाहिला आणि भिऊन दाराकडे पाहिलं. "आत्याबाई, नको... मामंजी..."

कालिंदीने तिच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या ओठांना लावला. शांतीला हाक मारायची म्हणून तिने तोंड उघडलं, पण वर्षभर अडकलेले शब्दच बाहेर आले. खालच्या अंगणापर्यंत ऐकू जातील इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"आई, पाणी पी."