ओकच्या मुळाशी मी

मी बोलतेय, ओकच्या झाडाच्या मुळातून. जरा वाकून ऐका, वरून बघणाऱ्यांना मी कधीच दिसले नाही. मी एक बुरशी. सालीखाली माझा पांढरा पापुद्रा असतो, मातीत बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे, आणि ऑक्टोबरात चार दिवस मधाच्या रंगाच्या छत्र्या. लोकांना कौतुक त्या चार दिवसांचं.

पोलंडमधल्या आमच्या दोंब्रुफ्का गावात चारशे वर्षांचा ओक होता. त्याच्या वाटेला जायची माझी काय बिशाद! पण बारा वर्षांपूर्वी सरपंच म्रुक यांना झाडाचा सन्मान करायची लहर आली. बुंध्याभोवती फरशी घालायची म्हणून चर खणला, मनगटाएवढी मुळं तोडली आणि वर पाटी लावली, 'या वृक्षास इजा करू नये.' तुटल्या मुळांतून मी आत शिरले. एवढं आग्रहाचं आमंत्रण, नाही कशी म्हणणार?

मी मुळं खात गेले. पानं मात्र हिरवीगार राहिली, आणि माणसं पानंच बघतात.

खाली काय चाललंय हे एकट्या ब्रोन्या आजीला ठाऊक होतं. तिचा नवरा लाकूडतोड्या. "ही छत्री उगवली की मूळ संपलं समज," असं तो सांगून गेलेला. पण इथे अळंबीची जागा कुणी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आजी पाद्रीबाबांपुढे सगळी पापं कबूल करायची, जागा तेवढी सोडून. सकाळीच येऊन छत्र्या कापायची, वर पाला पसरायची आणि घरी नेऊन, उकळून, व्हिनेगरमध्ये मुरवायची. वनपाल विल्गा अख्खी बरणी फस्त करून विचारायचे, "कुठून आणलीत हो?"

"नदीपलीकडून."

या ऑक्टोबरात तिच्या नातीचं, ओतिल्याचं लग्न ठरलं. टेबलं मांडली ओकखाली. आदल्या दिवशी वनपालांनी बुंध्यावर थाप मारली. "ठणठणीत! अजून शंभर वर्षं काळजी नको."

आजीने पायाने माझ्या छत्र्यांवर आणखी पाला सारला. खरं सांगते, मला तिचा राग आला. झाड माझं अन्न, पण त्याखाली जेवायला बसणारी पोर काही माझी वैरीण नव्हती.

"विल्गासाहेब," शेवटी ती म्हणाली, "ती अळंबी इथलीच. याच मुळाची. अकरा वर्षं झाली."

वनपाल लालबुंद झाले. "म्हणजे अकरा वर्षं मी नदीपलीकडे चिखल तुडवतोय?"

"अहो, झाड पडेल!"

"झाडाचं राहू द्या! नदीपलीकडे म्हणाला होतात तुम्ही!"

सरपंच म्हणाले, "पडेल कसं? पाटी आहे त्याला."

ओतिल्याने मात्र आजीचा चेहरा पाहिला आणि टेबलांवरच्या चादरी गोळा केल्या. लग्न अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हलवलं. सरपंच फुगून बसले.

दुसऱ्या दिवशी तिकडे सूप वाढत असताना इकडे ओक आडवा झाला. वारा नव्हता. मांडून ठेवलेल्या टेबलांचा भुगा झाला. सगळं वऱ्हाड धावत आलं. आजी हुंदके देऊन रडायला लागली, तशी ओतिल्याने तिला मिठी मारली.

"रडू नको गं आजी. मी आहे ना धडधाकट!"

"तू आहेस गं बाई. पण तिकडे बघ!"

वऱ्हाडी टोप्यांत, ओढण्यांत, सुपाच्या पातेल्यात माझ्या छत्र्या भरत होते. चारशे वर्षांच्या झाडाकडे कुणी ढुंकून बघेना. सगळ्यांत पुढे वनपाल, गुडघ्यांवर.

सरपंचांनी वादळाला दोष दिलाय, आणि आता शेजारच्या ओकचा सन्मान करायचं घाटतंय. मला काय, पडलेल्या खोडात माझी वीस वर्षांची बेगमी झाली. तरी एक सांगते. मला खुशाल खा, पण मी कुठल्या झाडाशी दिसले, ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. तुमची जागा जाईल. आजीचीही गेली. पण गेल्या रविवारी ओतिल्या माहेरपणाला आली होती.