अरबाब उठून उभे राहिले

सरकारी बाई तपासायला येणार म्हणून केरूने अरबाबांना, म्हणजे आपल्या म्हाताऱ्या मालकांना, सकाळपासून नवरदेवासारखं सजवलं, आणि तिथेच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

रास अल खैमाच्या या घरात तो ड्रायव्हर म्हणून लागला होता. मालक थकले, गाडी दारात उभी राहिली, आणि केरूच्या हाती स्टिअरिंगऐवजी म्हाताऱ्याच्या काखा आल्या. उठवणं, न्हाऊ घालणं, संडासला नेणं, भरवणं, सगळं तोच करी. मुलगा अक्रम दुबईला अल बर्शात राहायचा. शुक्रवारी यायचा, जेवायचा, बापाच्या कपाळाचा मुका घ्यायचा आणि जायचा.

मागच्या वर्षी केरूची बायको कुंदा दापोलीला वारली, तेव्हा अरबाब इस्पितळात होते. अक्रम म्हणाला, "दोन दिवस थांब." केरू गावी पोचला तेव्हा पुतण्याने अग्नी दिलेला होता. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. ते तरी आपल्या हातून व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. अक्रमने तोड काढली. इथल्या म्हाताऱ्या नागरिकांना सरकार घरी फुकट नर्स देतं. तपासणीत बाबांचं नाव लागलं की नर्स येईल, मग खुशाल जा.

केरूने मालकांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. "अरबाब, ये उलटा परीक्षा है. कुछ नहीं आता बोलने का, तो पास."

"इन्शाल्ला, खैरू," अरबाब म्हणाले होते. केरू हे नाव त्यांच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

तपासणीला सुमैय्या नावाची सरकारी नर्स टॅबलेट घेऊन आली. केरू कॉफीची किटली भरायला आत गेला. बाहेर येऊन बघतो तर अरबाब खुर्चीतून उठून ताठ उभे! सकाळी त्यांना पलंगावरून उठवताना केरूच्या कमरेत उसण भरली होती.

"मरहबा, मरहबा!" म्हणत त्यांनी केरूच्या हातातली किटली काढून घेतली. डाव्या हातात किटली, उजव्यात पेला. थेंब सांडू न देता पाहुणीला कॉफी दिली. बाई खूश झाली.

"अंघोळ कोण घालतं, बाबा?" तिने अरबीत विचारलं. इतक्या वर्षांत एवढी अरबी केरूला कळत होती.

"मीच करतो, अल्हम्दुलिल्लाह."

"कधी पडलात?"

"पडायला मी काय खजूर आहे?"

बाई हसली. केरूला राहवेना. "मॅडम, सब झूठ! सब मैं करता है!"

"खैरू!" अरबाब ओरडले. "मेहमान के सामने चुप!"

बाईने मालकांच्या गुळगुळीत दाढीकडे, इस्त्रीच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याकडे पाहिलं आणि टॅबलेटवर काहीतरी टिपलं.

केरू तिच्यामागे फाटकापर्यंत धावला. "मॅडम, अभी वापस चलो. उनको बैठके दिखाने को बोलो."

"भाई, जे पाहिलं तेच लिहावं लागतं," ती हिंदीत म्हणाली. "मुलाला परत अर्ज करायला सांग. दोन-तीन महिन्यांनी येईन."

"तब तक कुंदा का साल निकल जाएगा."

"कुंदा कोण?"

केरूने तिच्यासाठी फाटक उघडून धरलं. ती गाडीत बसली.

तो परत आला तेव्हा अरबाब तसेच उभे होते. एक हात खुर्चीवर टेकलेला. बसता येत नव्हतं.

"खैरू, पकड."

केरू दारातच थांबला. क्षणभर त्याला वाटलं, पडू देत. मग कपाळावर हात मारून पुढे झाला आणि काखेत हात घालून त्यांना खाली बसवलं.

"क्यूं खडा हुआ आप?"

"मेहमान आया, हम बैठेगा?"

"मेहमान नहीं था! सरकारी बाई था! मेरा छुट्टी खलास!"

केरूने अक्रमला फोन लावला आणि झालेलं सांगितलं.

"ओहो," अक्रम म्हणाला. "चल, परत अर्ज टाकतो. तोवर सांभाळ, हबीबी."

"नहीं साब. मैं जाता है. आप इधर आके रहो."

"मी? माझं ऑफिस आहे, केरू..."

अरबाबांनी हात पुढे केला. केरूने फोन त्यांच्या कानाला लावला. ते अरबीत हळू बोलले, पण केरूला कळलं. "अक्रम, ये. मला एकट्याला उठता येत नाही."

पाहुणीपुढे जे तोंडातून निघालं नव्हतं, ते पोटच्या पोरापुढे निघालं. केरूने फोन परत आपल्या कानाला लावला.

"बरं. येतो, इन्शाल्ला."

या घरातल्या इन्शाल्लाचा केरूला पुरेपूर अनुभव होता.

"इन्शाल्ला नको साब," तो म्हणाला. रागात हिंदीत मराठी शिरलं. "हां बोलो. खाली हां."

"अरे हां! हां बाबा, हां!" अक्रम वैतागून म्हणाला.

"कौनसा दिन?" केरूने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवला नाही.