वाघाचं डोकं कोणी नेलं?

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी सकाळी दामिनीने मागच्या खोलीची कडी काढली आणि ती दारातच थबकली. बाकांवर कागदाचे कपटे होते, खळीचा डबा होता, वाळलेले ब्रश होते. वाघाचं डोकं मात्र नव्हतं.

महाल भागातल्या त्या कॉलेजात अकरावीचं नाटक दामिनीने लिहिलं होतं, तिनेच बसवलं होतं, आणि बांबूच्या कामट्यांवर वर्तमानपत्रं चिकटवून ते भलंमोठं डोकंही तिनेच याच खोलीत बनवलं होतं. तालमी इथंच व्हायच्या, त्यामुळे ते कधी खोलीबाहेर गेलंच नव्हतं.

दुसरी कोणी असती तर रडायलाच बसली असती. दामिनीला आतून थोडा आनंदच झाला. आईबरोबर गुन्ह्याच्या मालिका बघताना पहिली जाहिरात लागायच्या आत ती खुनी कोण ते सांगून टाकायची. बऱ्याचदा चुकायची, पण तेवढं ती लक्षात ठेवत नसे. आज खरीखुरी केस चालून आली होती. तिने ग्रुपवर लिहिलं, ‘वाघ गायब. मधल्या सुट्टीत सगळे खोलीत या. चौकशी आहे.’

कुशलचं उत्तर आलं, ‘तर्री पोहे खाऊन येतो.’

सुट्टीत तिघं आले. कुशल नाटकात वाघ होता, अंकुश शिकारी, आणि प्रीती झाड. झाडाला सबंध नाटकात एकच वाक्य होतं. प्रीती एरवीही फारशी बोलत नसे, म्हणून दामिनीने तिला संशयितांतून आधीच वगळलं होतं.

तिची नजर अंकुशच्या शर्टावर गेली. खिशापाशी केशरी डाग!

“हा रंग कुठून आला?”

“तर्री आहे वं. कुशलसोबत गेलो होतो. वास घेऊन पाय.”

दामिनीने खरंच वास घेतला. तर्रीच होती. पण तिने मागे हटायचं नाही असं ठरवलंच होतं. हात मागे बांधून ती अंकुशभोवती फिरू लागली. दुसऱ्या फेरीलाच त्याचा धीर सुटला.

“मी नाई नेलं! मी फक्त त्याच्या कानावर बसलो होतो. मले वाटलं उशी आहे.”

“कानावर? काहून नाई सांगितलं?”

“तू मारलं असतं ना!”

कुशलला हसू आवरेना, तशी दामिनी त्याच्याकडे वळली. “तू काहून हसून राहिला? डोकं नसलं तर वाघ कसा होशील?”

“खरं सांगू काय? नाई भेटलं तर बरंच होईन,” कुशल म्हणाला. “त्याच्या आत दम घुटते मले. आन्...” तो अडखळला.

“आन् काय?”

“वाघ नाई वाटत ते. मांजर वाटते.”

सगळ्यांनी डोकं पाहून ‘मस्त झालं’ म्हटलं होतं; ते सगळे आता फरशीकडे पाहत होते. दामिनी पुन्हा केसकडे वळली, कारण दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

“एवढं मोठं डोकं कोणी हातात तर नेलं नसन,” ती म्हणाली. “चोर ऑटोनं गेला. चौकातल्या ऑटोवाल्यांले विचारू.”

“ऑटोत कुठी मावते ते?” प्रीती म्हणाली. “कानच आत जात नाई.”

दामिनी हळूहळू वळली. “तुले कसं माहीत?”

प्रीतीने ओठ दाबून धरले. पण उशीर झाला होता.

“मग कशात नेलं?” दामिनीने विचारलं.

“काकाच्या छोट्या हत्तीत,” प्रीती पुटपुटली. तिचे काका, नत्थूजी, वाडीच्या गोदामांतून त्या छोट्या टेम्पोने माल नेत.

“हत्तीत वाघ!” म्हणत कुशल बाकावर आडवा झाला.

दामिनीला मात्र हसू येईना. “काहून नेलं?”

“कॉलेज सुटल्यावर ये घरी,” प्रीती एवढंच म्हणाली.

कॉलेज सुटल्यावर चौघंही गोळीबार चौकामागच्या गल्लीत गेले. अंगणात सतरंजीवर वाघाचं डोकं होतं, आणि दामिनीला ते ओळखायला जरा वेळ लागला. गालफडं रुंद झाली होती, भुवया खाली उतरल्या होत्या, चेपलेला कान ताठ उभा होता. जबडा आता उघडत होता, आणि त्यातून आत चांगली हवा जात होती.

“पोळ्याले काका मिरवणुकीचा बडग्या, तो कागद-कामट्यांचा मोठा पुतळा बनवते, मी त्याच्या हाताखाली असतो दरवर्षी,” प्रीती म्हणाली. “तालमीत मी तुमच्या बाजूलेच उभी राहतो. कुशल आत कसा धापा टाकते ते मलेच ऐकू येते. आज संध्याकाळपर्यंत नेऊन ठेवणार होती.”

“मग मले सांगायचं ना!”

“सांगितलं असतं तर हात लावू देला असता तू?”

दामिनीने वाघाकडे पाहिलं. दिला नसता. एकदा कुशलने मिशी सरळ करायला हात पुढे केला, तर तिने त्याच्या बोटांवर ब्रश मारला होता. राग अजून होता, पण तो नेमका कोणावर धरायचा हे तिला कळेना. ती वाकली, जबडा उघडून मिटून पाहिला. मग पुन्हा एकदा पाहिला.

“पट्टे राहिले वाटते,” ती म्हणाली.

“ते तुह्यासाठी ठेवले. पट्टे तुले चांगले जमतात.”

मग काळा रंग आला. प्रीतीच्या काकू, चंद्रकला, सगळ्यांना गरम भजी देऊन गेल्या. प्रीती दामिनीला कामटी वाकवायला शिकवत होती. दामिनीच्या हातून ती सुटली आणि सपकन अंकुशच्या पाठीवर बसली. “हे कानाचं!” दामिनी म्हणाली आणि मग तिलाच असं हसू फुटलं की तिने रंगवलेला पुढचा पट्टा वाकडा गेला. प्रीतीने तो पाहिला, पण पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा वर गेला. वाघाने जबडा उघडला तशा पहिल्या रांगेतल्या मॅडम दचकून मागे सरकल्या, आणि सगळं सभागृह हसत सुटलं. विंगेत उभ्या दामिनीने टाळी द्यायला शेजारी हात पुढे केला. मग तिच्या लक्षात आलं, प्रीती तर स्टेजवर झाड होऊन उभी आहे. पानांच्या आड तीही गालातल्या गालात हसत होती.