गुण जुळवणारे यंत्र

माझ्या नातीच्या, श्रावणीच्या, लग्नाचा प्रश्न कोणत्याही सुबुद्ध घराण्यात दोन बैठकांत सुटला असता. अकोल्याच्या रामराव वकिलांच्या घराण्यात तो एका यंत्रावाचून अडला. श्रावणीने आणि वकिलांच्या नातवाने, ईशानने, पुण्यात नोकरी करता करता परस्परांना पसंत केले होते. परंतु मोबाइलने दोघांच्या पत्रिका ताडून छत्तीसपैकी अकरा गुण दिले, आणि आजोबांच्या होकाराशिवाय आपण बोहल्यावर चढणार नाही, असे त्या आज्ञाधारक बालकाने जाहीर केले. बालक एकतीस वर्षांचे आहे.

वकिलांनी मला अमरावतीला फोन केला.

"वैनी, मोबाइलचं मले सांगू नका. थो सकाळी एक म्हन्ते, संध्याकाळी दुसरंच. तुमची ते मशीन हाय ना? आमच्या कमलाकांतची पत्रिका तिनंच जुळवली व्हती. ते हो म्हनली तं माहं हो."

ते यंत्र म्हणजे स्पेक्ट्रम नावाचा, टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक. १९८६ साली माझ्या धाकट्या दिरांनी तो लंडनहून आणला. मी गणिताची शिक्षिका, सासरे गुरुजी. पार तिवसा आणि चांदूर रेल्वेहून लोक त्यांच्याकडे पत्रिका घेऊन येत. शास्त्र त्यांचे पक्के होते, बेरीज मात्र दैवाधीन. म्हणून सोबतची पुस्तिका वाचून मी स्वतः गुणमेलनाचा प्रोग्रॅम लिहिला आणि कॅसेटवर साठवला. पाच वर्षांत त्याने एकही जोडी नापास केली नाही, ही गोष्ट मी गणिताच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून आजवर सर्वांना ऐकवत आले.

यंत्र माळ्यावर शाबूत होते, कॅसेट आणि ती वाजवायचा टेपरेकॉर्डर होता, जुना टीव्हीही होता. पुस्तिका तेवढी नव्हती. सूनबाईंनी ती एका दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत घातली होती. "इंग्रजी होती ना, आई," हा त्यांचा युक्तिवाद. या यंत्राच्या एकेका कळेत अख्खी आज्ञा दडलेली असते, आणि कळांवरची अक्षरे तर केव्हाच झिजलेली. पुस्तिकेवाचून ते यंत्र म्हणजे रबरी गुंड्यांचा पाट.

संगणकाचे क्लास चालवणारा योगेश माझाच विद्यार्थी. त्याला बोलावले.

"बाई, याले यूएसबी कुठी हाय?"

"नाही."

"मंग हे कायच्यावर चालू करून राहिल्या तुमी?"

"पुस्तिकेवर. ती कुठे मिळेल, एवढेच विचारायला तुला बोलावले आहे."

"मॅन्युअल कोन वाचते आता, बाई! मी तर आजलोक एक नाही वाचलं."

नववीतही तो पुस्तक न उघडताच उत्तर देत असे. आता त्याच्या दारावर 'संचालक' अशी पाटी आहे. त्यानंतर एका महाविद्यालयातील विभागप्रमुखांना भेटले. त्यांनी यंत्राबरोबर स्वतःचे छायाचित्र काढून घेतले आणि मला एका चर्चासत्राचे निमंत्रण दिले.

अखेर इंटरनेटवर जुन्या संगणकांच्या शौकिनांची एक मंडळी सापडली. मी 'महोदय' असा मायना घालून, विषय आणि संदर्भ यांसह रीतसर पत्र लिहिले. चाळीस मिनिटांत उत्तर आले. नॉर्वेतील आर्ने नावाच्या एका निवृत्त पोस्टमनने संपूर्ण पुस्तिका पानापानाने छापून घेण्याजोगी पाठवली होती. पृष्ठ चौतीसवर त्याच्या कॉफीचा डागही होता. टेपरेकॉर्डरचा आवाज किती ठेवायचा, त्याचे हेड स्पिरिटने कसे पुसायचे आणि वरचा बारीक स्क्रू किती फिरवायचा, हेही त्याने समजावले. आपल्याकडे एवढ्या मदतीला तीन ओळखी आणि एक जेवण लागते.

तीन दिवस स्क्रू फिरवल्यावर चौथ्या सकाळी टीव्हीच्या कडेने निळेपिवळे पट्टे धावले, यंत्र किंचाळले आणि माझा प्रोग्रॅम उघडला. मी दोन्ही जन्मवेळा भरल्या. उत्तर आले: एकोणतीस.

श्रावणीने मला मिठी मारली. मोबाइलचे अज्ञान सिद्ध झाल्याचा मलाही आनंद झाला, आणि केवळ तो आनंद कागदोपत्री असावा म्हणून मी हातानेही बेरीज केली. ती अकरा आली. पुन्हा केली. पुन्हा अकरा.

तेव्हा पुस्तिकेत पाहून मी प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी पडद्यावर आणल्या. ओळ नऊशे चाळीस: एकूण अठराहून कमी असल्यास त्यात अठरा मिळवा. तिच्या वर माझीच टीप होती: मामंजींच्या सांगण्यावरून.

मग सारे आठवले. "सूनबाई," सासरे म्हणाले होते, "अठराच्या खाली गेलं की अठरा मिळवायचे. लोकांच्या पोरी घरी बसवायला मी शास्त्र शिकलो नाही." मी "बरं" म्हटले होते आणि पुढे ते सोयीस्करपणे विसरले होते. म्हणजे सतरावाल्यांना पस्तीस मिळाले, आणि प्रामाणिक अठरावाले बिचारे जन्मभर काठावर राहिले. गणिताचे सामर्थ्य ते हेच.

"आजी, राहू दे ना ती ओळ. कोणाला कळणार आहे?"

"मला कळले आहे."

बडनेऱ्यापासून मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत श्रावणी गाडीत माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत बसली.

अकोल्याला वकिलांच्या दिवाणखान्यात यंत्र मांडले. एकोणतीस पाहताच त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला. "पाहा! मी म्हनलो नव्हतो?" त्यांनी पेढा माझ्यापुढे धरला, तेव्हा मी त्यांना ओळ नऊशे चाळीस दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. खरे गुण अकराच आहेत, हेही सांगितले. पेढा बॉक्समध्ये परत गेला. श्रावणीने मान खाली घातली.

वकिलांनी विचारले, "मंग... आमच्या कमलाकांतचे किती व्हते?"

मी ती ओळ पुसली आणि त्यांच्या चिरंजीवांची व सूनबाई कुंदाची जन्मवेळ घातली. "नऊ."

"नऊ?" वकील म्हणाले. "मी तं चार-पाच समजून राहिलो व्हतो!"

कुंदा चहा घेऊन दारात उभी होती. "मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी समजलं होतं, बाबा," ती म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या कमलाकांतांनी वर्तमानपत्र डोळ्यांच्या पातळीवर नेले. कुंदा पुढे म्हणाली, "पन नवावर सदतीस वर्षं काढलीच ना आमी? तुमचं पथ्य, ह्यायचा बीपी, सारं नवातच भागवलं. पोराले दोन जास्तीच भेटून राहिले, तं तुमी काहून अडवून राहिले?"

वकिलांनी उलटतपासणी घेतली नाही. चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि पेढ्यांचा बॉक्स श्रावणीपुढे सरकवला.

"घे व, बाई. पन वैनी, पाहुन्यारावळ्यांले आपन एकोनतीसच सांगू. माही बहीन लई चौकशा करते."

"मुळीच नाही," मी म्हणाले, आणि कागद मागवून दोघांची नावे, जन्मवेळा व 'गुण अकरा' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले.

वकिलांनी तो कागद दोनदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि खाली पन्नास वर्षांच्या सवयीने लिहिले: 'वाचून पाहिले, मान्य आहे.' मग सही केली.