कूलरची ओल

खर्रकन आवाज झाला आणि भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून सुटून खाली आलं. दुपारी घरातले सगळे निजले होते. माझी चार वर्षांची रेणू तेवढी दचकून कुशीत शिरली. तिला थोपटत कॅलेंडर उचललं, तर कागद खोलीतल्या कूलरच्या हवेनं ओलसर, फुगलेला. तो हातात धरला आणि मला ऑफिसातला कालचा नकाशा आठवला.

काल ऑफिसातला कूलर दुरुस्त होऊन आला होता.

जळगावच्या आमच्या ऑफिसात कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरात घालतात. मोठ्या पांढऱ्या टेबलावर नकाशा चिकटवायचा, कागद नेमका कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून आधी त्याचे चारी कोपरे टिपून घ्यायचे, मग फुली कोरलेली काच रेषेवरून सरकवत बटण दाबत जायचं. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. घरी रेणूचा भांग काढतानासुद्धा हात तसाच जपून चालतो. कारण कागदावर नखाएवढं सरकलं, की जमिनीवर कुणाचं तरी अख्खं अंगण सरकतं.

काल धरणाखाली जाणाऱ्या एका वस्तीचा नकाशा होता. सकाळी उकाड्यात मी घरं टिपली. दुपारी कूलर लागला, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मी पाणी कुठवर चढेल ती निळी रेषा टिपली. ओल खाऊन तोवर कागद फुगला असणार! कोपरे पुन्हा टिपायला हवे होते, पण गार हवेच्या आनंदात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. याच नकाशावरून नोटिसा निघायच्या. ज्याला नोटीस नाही त्याला दुसरी जागा नाही. तो बिचारा घरात निवांत बसून राहील, आणि पाणी येईल.

रेणूला कडेवर घेतलं आणि तशीच निघाले. वाटभर ती विचारत होती, "आई, तू का पळते?"

मालक रतिलालभाऊ ऑफिसच्या वरच राहतात. बनियनवरच किल्ली घेऊन खाली आले.

"काय ताई, रविवारी पण? मिस्टरांनी हाकललं वाटतं!"

मी सांगितलं, तसं त्यांचं हसू गेलं.

नकाशा टेबलावर तसाच चिकटवलेला होता, आता वाळून सपाट झालेला. त्यावर काठची तीन घरं निळ्या रेषेच्या आत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीच घरं बाहेर. कोरडी.

"एवढुसा तर फरक, ताई. कोण बघायला बसलंय?"

"पाणी बघेल ना, भाऊ."

ते खुर्चीत बसले. "उद्या सकाळी नोटिसांसाठी फ्लॉपी धुळ्याला जाणार होती," म्हणाले. मी कामाला बसले तेव्हा सवयीनं कूलरकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. "नको. उकडू द्या."

घाम नकाशावर पडू नये म्हणून पदर कपाळाला बांधला. कोपरे पुन्हा टिपले, पडद्यावरची जुनी रेषा पुसली, नवी ओढायला घेतली. दर वळणावर थांबून कागद आणि पडदा ताडून बघत होते. भाऊंच्या मांडीवर बसून रेणू पडद्याकडे टक लावून बघत होती. निळी रेषा हळूहळू वर चढली, तिन्ही घरांना वळसा घालून पलीकडे गेली. आता जीव भांड्यात पडेल असं वाटलं होतं. उलट माझी नजर त्या तीन घरांवरून हटेना.

"आई," रेणू म्हणाली, "ती घरं चांगली कोरडी होती ना? तू पाण्यात का टाकली?"