सहा कोअरचा कारखाना

शनिवारी दुपारी बाबा आणि मी बोईसर स्टेशनजवळच्या धर्मेशभाईंच्या दुकानात प्रोसेसरवरून भांडत होतो. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. तेव्हा तो नुसता शनिवार होता.

"आठ कोअर," मी म्हणाले.

"सहा," बाबा म्हणाले.

"प्रोसेसर घेताय की भेंडी?" धर्मेशभाईंनी विचारलं.

बाबा चौतीस वर्षं तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना गेमिंग कॉम्प्युटर हवा झाला, आणि तोही कारखाना बांधायच्या गेमसाठी. खाणी खणायच्या, पट्टे फिरवायचे, भट्ट्या लावायच्या. माझ्या चुलतभावाकडे, मिथुनकडे, त्यांनी तो गेम पहिल्यांदा पाहिला आणि जेवायला उठेचनात. आई म्हणाली होती, "चौतीस वर्सं कमी पडली काय? आता घरात पन कारखाना?"

"तो शेटचा होता, शैला. हा माझा."

बजेट मध्यम होतं. मी पालघरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. काही घ्यायचं म्हटलं की आधी वाचून काढायची मला सवय. तीन दिवस वाचून मी तयारीने गेले होते.

"बाबा, जवळजवळ तेवढ्यातच आठ कोअर मिळतायत. दोन जास्त."

"ते मागच्या पिढीचे. कारखाना वाढला की या गेमला एकेक कोअर किती पळतो ते लागतं. आणि स्क्रीनवर चित्र उमटवणारं ग्राफिक्स तुझ्या आठवाल्यात नाय. माझ्या सहावाल्यात हाय."

"ग्राफिक्स कार्ड वेगळं घेतोयच ना? मग आतलं रिकामं बसेल."

"बसू दे. कंपनीत दर पंपाशेजारी एक स्टँडबाय पंप असतो. तो पण रिकामाच बसतो."

"हा पंप नाहीये."

"म्हणून तर सांगतो. रिकाम्या पंपालाही तेलपाणी करावं लागतं. हा मुकाट बसेल."

धर्मेशभाईंनी सहावाला खोका काउंटरवर ठेवला. "ताई, काकांनी एवढी वर्षं प्लांट चालवला. आपण कशाला पंगा घ्यायचा?"

कार्ड मुंबईहून मागवायचं होतं. ते आलं की धर्मेशभाई सगळं जोडून देणार होते. रिक्षात बाबा खोका मांडीवर धरून बसले होते. घर येईपर्यंत मी "दोन कोअर" एवढंच चार वेळा म्हणाले आणि ते चारही वेळा हसले.

घरी आल्यावर मी आईसमोर पाचव्यांदा "दोन कोअर" म्हणाले. आईने बाबांना चटणी वाटायला सांगितली आणि ती मागे वाडीत गेली. बाबांनी मिक्सरला हात लावला आणि हाक दिली, "चालू करतोय!"

ही त्यांची कारखान्यातली रीत होती. बटण दाबायच्या आधी ओरडून सांगायचं आणि समोरून "करा!" ऐकू आल्याशिवाय दाबायचं नाही, कुणाचा हात यंत्रात असेल, काय सांगावं. घरात मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळं असंच चालू होई. "करा!" आई म्हणायची. मीही लहानपणी म्हणत असेन, पण सातवीत मैत्रिणी घरी आलेल्या असताना हसल्या, तेव्हापासून मी ते सोडलं ते सोडलंच.

त्या दिवशीही मी वाचत बसले होते. उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने बाबा खोबऱ्याने माखलेल्या बोटांनी माझ्या खोलीत आले, पुस्तकावरचे माझे दोन्ही हात पाहिले आणि परत गेले. मग मिक्सर फिरला.

रविवारी सकाळी ते नेहमीसारखे फिरायला निघाले आणि फाटकापाशीच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत ते गेले होते.

तीन आठवड्यांनी धर्मेशभाईंचा फोन आला. सामान परत घेऊ का, असं चाचरत विचारत होते. आईने फोन माझ्या हातातून घेतला. "परत कशाला? जोडून आना."

पुढच्या शनिवारी सकाळी ते कॅबिनेट घेऊन आले. बाबांच्या टेबलावर सगळं मांडलं, घरातला प्रोसेसर आत बसवला, वायरी लावल्या. मी स्क्रूड्रायव्हर धरून उभी होते.

"एकच लोचा आहे," ते म्हणाले. "कार्ड अजून आलेलं नाही."

आईचा चेहरा उतरला. "मग त्यांचा कारखाना आज चालनार नाय?"

"चालेल ना, काकी! काकांनी घेतला त्यात आतलं ग्राफिक्स आहे. चित्र जरा गरीब दिसेल, पण गेम सुरू होईल. ताईंचा आठवाला घेतला असता, तर आज काळ्या स्क्रीनला हार घालून बसलो असतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. "दोन कोअर," ती गंभीरपणे म्हणाली.

मला हसू फुटलं. मग तिलाही. धर्मेशभाई आधी बिचकले, मग तेही हसले. महिनाभरात त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

आईने पदराला हात पुसले आणि बटणावर बोट ठेवलं.

"चालू करतेय!"

बोट तसंच राहिलं. इतकी वर्षं तिचं काम उत्तर द्यायचं होतं. हाक तिने पहिल्यांदाच दिली होती. धर्मेशभाई तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागले. त्यांना वाटलं असावं, काही बिघडलं.

आईने बटण दाबलं नाही. तिने मान वळवली आणि माझे हात पाहिले.

मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"करा!" मी म्हणाले, पार स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.